पितळी फुलांचा पाट

बुधवारी संध्याकाळी पानं घ्यायची वेळ झाली आणि अण्णांचा पाट सापडेना.

जेवायला बसायचे पाट स्वयंपाकघराच्या दाराआड भिंतीला टेकून उभे असत. त्यातला अण्णांचा सगळ्यात रुंद, शिसवी, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही हा नियम. कुणी केला, कधी केला, देव जाणे. लेकीचा, पद्माचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा नेमका त्यावर बसायला गेला आणि सगळं घर एकसुरात 'अं हं' म्हणालं. जावईबापू ते अजून विसरलेले नाहीत.

माईंनी दाराआड पाहिलं, पिठाच्या डब्यामागे पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, मोरीत पाहिलं. मोरीत पाट कशाला असेल? पण माणूस गोंधळला की मोरीतही बघतो. मग त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"अण्णांनीच नेला असेल, माई," सून म्हणाली. चारुलता नुकतीच शाळेतून आली होती आणि अजून तिचे हात खडूने पांढरे होते.

"पाट कुणी नेतं का गं बरोबर?"

चारुलता हात धुवायला वळली. अण्णा सोमवारी सकाळी तंबू घेऊन गेले होते. चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठी, रंगरावांच्या मळ्यात. तंबू नेला, स्टोव्ह नेला, दाढीचा आरसा नेला. ते दर खेपेचंच होतं, आणि तिसऱ्या दिवशी रात्री जेवायला परतणंही, म्हणून तर माई आज त्यांचा पाट मांडायला गेल्या. पण पाट? रागावून निघालेला माणूस कपडे नेतो, फार तर वळकटी नेतो. पाट न्यायचा म्हणजे या घरात पुन्हा जेवायला बसायचं नाही असंच की. आणि नगरकरांच्या घराण्यात हे एकदा घडलेलं होतं. अण्णांच्या आजोबांचं भावाशी बिनसलं तेव्हा वडिलोपार्जित घरातून निघताना त्यांनी फक्त आपला पाट काखोटीला मारला होता, आणि मरेपर्यंत त्या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. तोच हा पाट. पितळी फुलं नंतर बसवलेली.

तंबूचं खूळ निवृत्तीनंतरचं. अण्णा, म्हणजे श्रीपाद नगरकर, कंपनीच्या हीट ट्रीटमेंटमधून, म्हणजे भट्टीखात्यातून, फोरमन म्हणून निवृत्त झाले, शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन पिंपळे गुरवच्या घरी आले आणि घरातच राहिले. आता तुम्ही म्हणाल, घरात राहण्यात काय विशेष? विशेष असं की हा माणूस आयुष्यभर घरी फक्त झोपायला आणि गुरुवारी आला होता. आपल्या या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. बाकीचे दिवस शिफ्ट. फर्स्टला पहाटे डबा घेऊन बाहेर, सेकंडला दुपारच्या आतच डबा घेऊन बाहेर, थर्डला रात्रभर भट्टीपाशी आणि दिवसभर डोक्यावर पांघरूण. गुरुवारी पहिल्या पंगतीला जेवायचं आणि आडवं व्हायचं. उजेडात, जागेपणी घर कसं चालतं ते त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. ते आता बघायला लागले, आणि सगळ्यांच्या पायात पायात यायला लागले.

मग एक दिवस ते पुण्याच्या जुन्या बाजारातून मिलिटरीचा जुना तंबू घेऊन आले. खाकी, रॉकेलचा वास मारणारा. आपण सगळे नदीकाठी राहायला जाऊ म्हणाले. सगळे गेले की. चारुलतेने रजा काढली, पद्मा काळेवाडीहून आपल्या मुलींना घेऊन आली, मुलाने, गुरुदत्तने खुंट्या ठोकताना अंगठा चेचून घेतला. फार मजा आली, असं अजून सगळे म्हणतात. माईंनी तीन दगडांवर पातेलं चढवलं, सगळ्यांना गरम गरम वाढलं, आणि सगळ्यांचं उरकल्यावर दाताखाली वाळू कचकचणारा भात खाल्ला. परत येताना अण्णांनी विचारलं, कसं वाटलं. "छान," माई म्हणाल्या होत्या. "घरी ओटा, इथे दगड. पोळ्या त्याच." त्या हसत म्हणाल्या होत्या. अण्णा मात्र हसले नव्हते. त्यानंतर ते एकटेच जायला लागले.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. माईंना आणखी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

मागच्या आठवड्यात दुपारी सगळं आवरून त्या जेवायला बसल्या होत्या. बसल्या म्हणजे ओट्याच्या कडेला जमिनीवर, मांडीत ताटली, समोर पातेलं. पातेल्याच्या बुडाचा करपलेला भात त्या उलथन्याने खरवडत होत्या. मान वर केली तर दारात अण्णा उभे. काही हवंय का विचारलं तर नको म्हणाले. पण हलेनात. नुसते बघत राहिले, भट्टीत काहीतरी बिघडलंय आणि काय ते कळत नाहीये अशा चेहऱ्याने. माईंना एकदम चोरी पकडल्यासारखं झालं. त्या चिडल्या. दोन घास सुखाने खाऊ देत नाही तुम्ही, जा ना बाहेर, असं त्या म्हणाल्या. आणि अण्णा गेले. मुकाट्याने गेले. ते जाणं आता त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

आपल्याला करपलेला भात खाताना बघून या माणसाचं मन विटलं असेल का? म्हातारपणी असं होतं का? त्यांना काहीच उमजेना. त्यांनी गॅस बंद केला आणि पुन्हा एकदा दाराआड बघून आल्या.

चारुलतेचं वेगळंच चाललं होतं. अण्णांची खाट तिने ओसरीवर हलवली होती. हेतू वाईट नव्हता. गुरुदत्त थर्ड शिफ्ट करून दिवसा आतल्या खोलीत झोपणार, बाहेरच्या खोलीत ती पेपर तपासणार, मग खाट कुठे? ओसरीवर वारा छान येतो असं ती म्हणाली होती आणि अण्णांनी मान डोलावली होती. पण समोरच्या शालनबाईंना वाऱ्याचं काय. त्या परवाच नळावर म्हणाल्या होत्या की हल्ली तुमचे सासरे ओसरीवर आणि मग तंबूत, पुढचा मुक्काम कुठे? आता पाटही गेला म्हटल्यावर गावभर काय होणार ते चारुलतेला स्पष्ट दिसत होतं. सुनेने सासऱ्याला हाकललं. कार्यकारणभाव बघत बसतो कोण? बोट सुनेकडेच जातं.

गुरुदत्त ओव्हरटाइम करून आला तेव्हा दोघी न जेवता बसल्या होत्या. पाटाचं ऐकून तो आधी हसला. मग दाराआड स्वतः बघून आला आणि त्याचा चेहरा उतरला. कारण त्याच्याही खिशात एक पाप होतं. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तो झोपलेला असताना अण्णांनी रेडिओ लावला होता, हळूच, कामगारांचा कार्यक्रम, आणि हा आतून ओरडला होता की अण्णा, तुम्हाला दिवसभर काम नाही, मला रात्री भट्टीवर उभं राहायचंय, बाहेर जाऊन बसा ना कुठेतरी. बाहेर जाऊन बसा. आणि अण्णा जाऊन बसले होते, थेट चाकणच्या पुढे.

"उद्या गुरुवार आहे," तो म्हणाला. "जाऊन आणू त्यांना. सगळेच जाऊ."

तो तसाच सायकल काढून काळेवाडीला पद्माला सांगायला गेला, आणि परतताना ज्योतीरामचा टेंपो ठरवून आला. ज्योतीराम परभणीकडचा, पिंपरीच्या बाजारात माल टाकायचं काम करायचा. त्याने एवढंच विचारलं की सामान काय आहे. सामान नाही, वडील आहेत, असं गुरुदत्त म्हणाला. ज्योतीराम म्हणाला, मग सतरंजी तुमची आना भाऊ, माझी कांद्यानं वास मारती.

सकाळी टेंपोच्या मागच्या हौद्यात सतरंजी टाकून चौघं बसली. पद्माने मुलींना सासूपाशी ठेवलं होतं, आणि येताना तोंड फुगवूनच आली होती. भोसरी येईपर्यंत ती बोलली नाही. भोसरी सुटल्यावर मात्र तिला राहवेना. अण्णांनी हे घर विटेवर वीट ठेवून उभं केलं, ती म्हणाली, आणि त्यांना ओसरी? मी कधीची म्हणतेय त्यांना माझ्याकडे पाठवा. हे सगळं ती रस्त्याकडे बघून बोलत होती, पण बाण कुठे लागायचा तिथे लागला.

"पद्माताई, तुमच्याकडे दीड खोली आहे," चारुलता म्हणाली. "तिथे खाट कुठे टाकणार होतात?"

"जागा खोलीत नसते, मनात असते, चारू."

माई पद्माची बाजू घेणार असं वाटलं. आजवर घ्यायच्या. पण आज त्या म्हणाल्या की खाटेला मीच हो म्हटलं होतं, तिला बोलू नकोस. चारुलतेने दचकून सासूकडे पाहिलं. तिला रडू यायला लागलं आणि ते लपवायला तिने पदर नाकाला लावला, धुळीचं निमित्त करून. नणंदेने ते पाहिलं आणि तिचा बाण आपोआप भावाकडे वळला. तू काय केलंस ते सांग, ती गुरुदत्तला म्हणाली. तुझ्या तोंडावर लिहिलंय.

गुरुदत्तने रेडिओचं सांगितलं. मग दोघी एक झाल्या. हे मला माहीतच नव्हतं, असं चारुलता म्हणाली. बापाला बाहेर हो म्हणालास, असं पद्मा म्हणाली. बाहेर हो नाही म्हणालो, बाहेर बसा म्हणालो, असं गुरुदत्त म्हणाला, आणि फरक समजावून सांगायला लागला. खड्ड्यात टेंपो आदळला आणि तो फरक तिथेच राहिला. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांनी रस्ता अडला होता, तेवढ्या वेळात पद्माने स्वतःचंही कबूल करून टाकलं. गेल्या महिन्यात अण्णा तिच्याकडे आले होते आणि तिने चहा देऊन, आमच्याकडे पाहुणे यायचेत हं, असं सांगितलं होतं. पाहुणे नव्हते. नवऱ्याला पाटाचा अपमान आठवेल म्हणून तिने ते केलं होतं.

आता सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनीही काहीतरी सांगावं, म्हणजे वाटणी सारखी होईल, अशा नजरेने. माईंनी गोण्यांकडे तोंड फिरवलं. पातेलं खरवडत होते आणि पकडले गेले, हे पोरांना कसं सांगणार? आणि सांगून ते समजणार तरी काय, त्यांना स्वतःलाच समजलं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की अण्णा आज परत आले नाहीत तर ज्या घरात आपण एवढी वर्षं काढली ते घर आपलं राहणार नाही. राहील मुलाचं आणि सुनेचं. आपण त्यात वाढायला असू.

रंगरावांचा मळा वाकीच्या अलीकडे रस्त्यापासून आत होता. टेंपो बांधापाशी थांबला. रंगराव गोठ्यापाशी वैरण टाकत होते. अण्णांच्याच खात्यात अर्धं आयुष्य भट्टी फुंकलेला माणूस, आता गावाला येऊन शेती बघत होता. एवढी माणसं उतरलेली बघून त्यांनी पेंढी खाली ठेवली.

"घरी समदं बरं हाय नव्हं?" त्यांनीच आधी विचारलं. "न्हाई, समदीच आलाय म्हनून इचारतो."

अण्णांना न्यायला आलोय, असं गुरुदत्तने सांगितलं. रंगराव जरा घोटाळले. न्यायला कशापायी, त्यांचं तर झालंच न्हाई अजून, असं काहीतरी म्हणाले, आणि काय झालं नाही ते विचारल्यावर घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. गोजाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. माईंना बघून त्या आधी हसल्या, मग पदराने तोंड झाकून आणखी हसल्या, आणि तुमीच जाऊन बघा म्हणाल्या. अण्णा पान्याला गेल्यात, येत्याल.

तंबू नदीच्या काठाला बाभळीखाली होता. पडदा बाजूला करून आधी पद्मा वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

आत पाट मांडलेला होता. झाडलेल्या, सारवलेल्या जमिनीवर, मधोमध. पाटाभोवती रांगोळीची महिरप काढलेली होती, किंवा काढायचा प्रयत्न केलेला होता. एका बाजूला रेघ जाड, एका बाजूला तुटलेली, आणि कोपऱ्यात जे काही होतं ते कमळ असावं. पाटापुढे केळीचं पान. पाटाशेजारी तांब्या-भांडं.

"देव बसवणार आहेत," पद्मा हलक्या आवाजात म्हणाली. "अण्णा संन्यास घेतायत."

गुरुदत्तने तिला वेड्यात काढलं, पण त्याचा आवाज ठाम नव्हता. चारुलतेच्या मनात आलं की श्राद्धाचं पान असंच मांडतात, आणि ते तिने बोलून दाखवलं नाही एवढं शहाणपण तिला होतं. माई पुढे आल्या. त्यांनी पितळी फुलांवरून बोट फिरवलं. फुलं चिंचेने घासलेली होती, लखलखत होती. घरी ती कधी इतकी घासली गेली नव्हती.

मागे पाण्याचा आवाज झाला. अण्णा हातात कळशी घेऊन उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बंडीवर पिठाचे हात पुसलेले, दाढी मात्र गुळगुळीत. त्यांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, आणि शेवटी बायकोकडे.

"तू आज कशी?" ते म्हणाले. "मी उद्या तुला आणायला येणार होतो. आज नुसती तालीम होती."

मग जे झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. सगळे एकदम माफी मागायला लागले. गुरुदत्तने रेडिओ सांगितला, चारुलतेने खाट सांगितली, पद्माने पाहुणे सांगितले आणि पाहुणे नव्हते हेही सांगितलं. अण्णा एकेकाचं ऐकत होते आणि त्यांचा गोंधळ वाढत होता. कुठला रेडिओ? खाटेचं काय झालं, ओसरीवर वारा छानच येतो. पद्माकडचा चहा त्यांना आठवत होता, चांगला झाला होता. मुलांनी रात्रभर जी पापं उगाळली होती त्यातलं एकही त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि हे कळल्यावर मुलांना बरं वाटायच्या ऐवजी जरा अपमानच वाटला.

"मग पाट का आणलात?" पद्माने विचारलं. "पणजोबांसारखा?"

अण्णांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ते खाली बसले. आजोबांचं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं. पाट उचलताना त्यांच्या मनात एकच होतं, की जमीन ओलसर असते आणि हिचे गुडघे दुखतात. पण हे आता सगळ्यांसमोर सांगायचं कसं? एकटी माई आली असती तर कदाचित न सांगताही जमलं असतं. त्यांनी आयुष्यात भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून माणसांना हुकूम दिले होते. स्वतःच्या मनातलं घरच्यांना सांगायची वेळ कधी आलीच नव्हती, दोघं समोरासमोर बसून गप्पा मारतात तो वेळ कायम कुठल्यातरी शिफ्टमध्ये गेला होता.

सांगायचं काम गोजाबाईंनी केलं. त्या परडीत भाकऱ्या घेऊन मागोमाग आल्याच होत्या. अण्णा सोमवारपासून रोज त्यांच्याकडे भाकरी शिकायला येत होते. घरी शिकायची चोरी, बाई वट्ट्यापाशी उभं राहू देत न्हाई म्हणत. आधी निस्ता गारा व्हायचा. मग थापताना फाटायची. आज पहिल्यांदा दोन भाकऱ्या आख्ख्या निघाल्या होत्या. पिठलं तर सक्काळपासून तिसऱ्यांदा केलंय, पहिली दोन कुत्र्यांनी खाल्ली, असंही त्या म्हणाल्या. रंगरावांनी मागून खुणा केल्या, पण त्या थांबल्या नाहीत.

"अहो, पण कशासाठी?" माई म्हणाल्या. "मी काय करून घातलं नाही कधी?"

अण्णांनी कळशी बाजूला सरकवली. कुणाकडेच न बघता, पाटाच्या फुलाकडे बघत ते बोलले.

"मी तुला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं," ते म्हणाले. "त्या दिवशी पाहिलं."

गुरुदत्त काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना दिसत होता. पद्माही आठवत होती. माई ताटावर बसल्या आहेत आणि कुणीतरी त्यांना वाढतंय असं एकही चित्र कुणाच्या डोळ्यांपुढे येईना. चारुलतेच्या डोळ्यांपुढे ओटा आला, आणि ओट्याच्या कडेची ती जागा, जिथे काही वर्षांनी ती स्वतः बसणार होती.

माईंना मात्र काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. त्यांना आधी राग आला. एवढ्यासाठी पाट न्यायचा, रात्रभर जिवाला घोर लावायचा, आणि रंगरावांसमोर घरची लक्तरं काढायची? मग हसू आलं. मग काहीच कळेना. त्या दिवशी दारात उभा राहिलेला माणूस विटला नव्हता, त्याला लाज वाटत होती, आणि ती आपली नव्हे, स्वतःची, हे त्यांच्या आत कुठेतरी हळूहळू उतरत होतं.

"बस," अण्णा म्हणाले.

"मी? तुमच्या पाटावर?"

"बस गं."

माईंनी नाना कारणं सांगितली. पोरं सकाळपासून उपाशी आहेत. ज्योतीराम टेंपोपाशी ताटकळलाय. तुमचं तरी कुठे झालंय. नवऱ्याच्या आधी कसं जेवायचं. तुम्ही सगळे बसा, मी वाढते. अण्णांनी एकेक ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला तेच एक उत्तर दिलं. शेवटी पद्माने आईचा दंड धरला आणि चारुलतेने दुसरा, आणि सकाळभर एकमेकींना टोचलेल्या त्या दोघींनी मिळून माईंना पाटावर बसवलं. पाट उंच होता. माईंना गुडघे कसे घ्यावेत ते कळेना. शेवटी त्यांनी मांडी घातली.

अण्णांनी वाढलं. भाकरी वाढली, तिच्या एका कडेला छोटीशी भेग होती. पिठलं वाढलं, ते पानाच्या डाव्या बाजूला पडलं, आणि कुणीतरी 'अं हं' म्हणणार होतं पण कुणी म्हणालं नाही. मग वांग्याचं भरीत, कांदा, मिरचीचा ठेचा. ते समोर उकिडवे बसले. पोरं तंबूच्या दाराशी उभी राहिली. रंगराव आणि गोजाबाई बांधापलीकडे जायला निघाले आणि गेले नाहीत.

माईंनी पहिला घास मोडला. तो तोंडात घालेपर्यंत त्यांचा हात दोनदा थांबला. एवढी माणसं बघताना खायची सवय नव्हती त्यांना. खाताना कुणी बघितलं की त्यांना चोरटंच वाटायचं. त्यांनी घास चावला. पुन्हा चावला. सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे होते आणि अण्णांचे तर हलतही नव्हते.

छान झालंय, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्या वाढायच्या आणि ऐकायच्या. तिखट झालंय, अळणी झालंय, आज जरा जमलं नाही. पाटावर बसलेला माणूस असं म्हणू शकतो. वाढणाऱ्याने म्हणायची ती गोष्ट नव्हे. माईंनी दुसरा घास घेतला, जरा सावकाश, नीट चव घेऊन.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

चारुलता सवयीने वळली, मिठाचा डबा शोधायला.

"तू थांब," माई म्हणाल्या. "त्यांना आणू दे."